वृद्धांना अचानक होणारा भ्रम आणि त्यामागे दडलेला जंतुसंसर्ग

वृद्धाश्रमात काही वर्षे सेवा केलेल्या कोणत्याही मावशींना विचारावे, पुढील प्रसंग थोड्याफार फरकाने त्यांनी पाहिलेला असतोच. ऐंशीच्या घरातील एक आजी. चालताना काठी लागते, ऐकू थोडे कमी येते, पण बुद्धी शाबूत; आज स्वयंपाकघरात कोणती भाजी शिजते आहे हे त्यांना सर्वांच्या आधी ठाऊक. एके दिवशी त्या दुपारचे जेवण अर्धवट टाकून उठतात. रात्री दोन वाजता दाराशी जाऊन कडी काढू लागतात. ‘हे गिरणीतून यायची वेळ झाली, चूल पेटवायला हवी’, असे म्हणतात. पती जाऊन वीस वर्षे झालेली. सकाळी त्या पुन्हा बऱ्यापैकी शांत असतात, नावे ओळखतात. संध्याकाळी मात्र पलंगाखाली कुणीतरी बसले आहे असे सांगत राहतात. अंगाला हात लावून पाहावे, तर ताप नाही. ‘वय झाले, म्हातारचळ लागला’ असा निर्णय होतो आणि मुलाला तसा दूरध्वनी जातो. चौथ्या दिवशी आजींना धाप लागते, रुग्णालयात नेतात, छातीचा एक्स-रे काढतात आणि न्युमोनिया निघतो.

हे जे तीन-चार दिवस वाया गेले, त्यांविषयी हा लेख आहे. आजींचा भ्रम हा म्हातारपणाचा नव्हता. फुप्फुसातील जंतुसंसर्गाने दिलेली ती पहिली आणि त्या वेळेपुरती एकमेव सूचना होती.

कुपवाड आणि आसपासच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड ह्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५,०२,७९३ भरली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तरुणपणी कामाला लागलेली पिढी आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. पुष्कळांची मुले पुणे-मुंबईला किंवा परदेशी आहेत. त्याच जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. आपल्याकडे वैद्यकीय सोयींची परंपराही जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि लांबलांबच्या गावांहून रुग्ण मिरज स्थानकावर उतरू लागले. तेव्हा कुपवाडच्या वृद्धास डॉक्टर मिळणे तसे अवघड नाही. अवघड आहे ते, डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली आहे हे कुणाच्यातरी लक्षात येणे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे बाळंतपणाचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. पाश्चात्त्य देशांत मात्र परावलंबी वृद्धांच्या कायमच्या निवासाला हे नाव आहे. ह्या विषयावरील बहुतेक अभ्यास तिकडच्या अशा निवासांत झालेले आहेत. आपल्याकडे त्यांची जागा काही प्रमाणात वृद्धाश्रमांनी घेतली आहे. परंतु पुष्कळ वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसांसाठी म्हणून सुरू झाले, आणि राहणारी माणसे तेथेच म्हातारी होत गेली. परिचारिका चोवीस तास हजर असेल असे नाही. रात्री असतात त्या मावशी. म्हणून ह्या लेखातील बराचसा मजकूर आम्ही डॉक्टरांपेक्षा मावशींना आणि नातलगांना उद्देशून लिहीत आहोत.

वैद्यकशास्त्रात ह्या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. मराठीला ती नवी नाही. ‘तापात वात झाला’, ‘वातात बरळतो आहे’ हे शब्दप्रयोग आपल्या आजी-पणजींच्या तोंडी होते, आणि आयुर्वेदातील सन्निपात हा शब्दही मराठीत ह्याच अर्थाने रुळला. मुदतीच्या तापात रोगी बरळू लागला की घरातील मंडळी धास्तावत. त्या तापाचे टायफॉईड हे नावसुद्धा धूर किंवा धुंदी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण त्यात रोग्याची बुद्धी धुराने झाकल्यासारखी होते. म्हणजे शरीरातील रोग बुद्धीवर सावट आणतो हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या होतेच. आश्चर्य एवढेच, की तरुण माणूस तापात बरळला तर आपण त्याचा ताप पाहतो, आणि वृद्ध बरळला तर त्याचे वय पाहतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ह्या बाबतीत पुष्कळ नुकसान करून गेली आहे, असे आमचे मत आहे.

शरीरात जंतू शिरले की प्रतिकारशक्ती जागी होते आणि दाह निर्माण करणारी रसायने रक्तात सोडते. तरुणाच्या मेंदूभोवतीचे संरक्षक आवरण त्यांचा परिणाम पुष्कळसा थोपवते. वार्धक्यात हे आवरण झिरपू लागते, आणि मेंदूतील प्रतिकार करणाऱ्या पेशी आधीच चाळवलेल्या असतात. अशा मेंदूत दाहाची ठिणगी पडली की लक्ष एकाग्र ठेवणाऱ्या रसायनांचा तोल जातो. ह्याबाबत सर्वाधिक चर्चा होते ती ॲसिटिलकोलीन कमी पडण्याची आणि डोपामीन वाढण्याची. त्यात ताप, अंगातले पाणी कमी होणे, रक्तातील प्राणवायू किंवा सोडियम घटणे ह्यांची भर पडते. ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे, त्यांचा मेंदू अगदी थोड्या कारणानेही ढळतो. २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीच्या आधारे भारतात साठीवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज पुढे आला आहे. म्हणजे हा धोका असलेली माणसे थोडीथोडकी नाहीत.

मग ताप का येत नाही? पुष्कळ वृद्धांच्या शरीराचे नेहमीचे तापमानच कमी असते, आणि संसर्ग झाल्यावर ते तरुणासारखे चढत नाही. म्हणूनच दीर्घकालीन निवासांतील वृद्धांसाठी संसर्गरोगतज्ज्ञांनी वेगळे माप ठरवले आहे. थर्मामीटर तोंडात धरून एकदाच १०० अंश फॅरनहाईट (३७.८ अंश सेल्सियस) भरला, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरनहाईटने वाढ दिसली, तर तो ताप समजावा. नेहमीचे तापमान लिहून ठेवलेले असेल तरच हा दुसरा निकष कामी येणार, हे उघड आहे. ज्या आश्रमात प्रत्येकाच्या नावे एक वही आहे आणि तिच्यात महिन्यातून एकदा बरे असतानाचे तापमान, नाडी, श्वासाचा वेग आणि वजन लिहिले जाते, त्या आश्रमाने निम्मी लढाई जिंकली आहे. श्वास मोजायला तर पैसाही लागत नाही: घड्याळ समोर ठेवून मिनिटभर छाती किती वेळा वर येते हे मोजावे. मिनिटाला पंचवीस किंवा अधिक श्वास असतील तर फुप्फुसाचा संसर्ग असण्याची शंका घेतलीच पाहिजे.

संसर्ग कोणकोणते? न्युमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे नेहमीचे. त्यांच्या पाठोपाठ पाठीवरील किंवा पायावरील चिघळलेली जखम, पित्ताशयाचा दाह, जुलाब. आपल्या भागात मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड आणि क्षयरोग विसरून चालणार नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग तर कधीकधी आठवड्यांच्या मंद बदलातून पुढे येतो.

कोविडच्या साथीने हा धडा जगाला पुन्हा एकदा शिकवला. अमेरिकेतील तातडीच्या सेवा विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध कोविड रुग्णांची पाहणी २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २८ टक्के रुग्ण येतानाच भ्रमावस्थेत होते, आणि ह्या भ्रमित रुग्णांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप ही ओळखीची लक्षणे नव्हतीच. खोकला आहे का, ताप आहे का, एवढेच विचारून ज्यांनी दारातून रुग्ण परत पाठवले, त्यांच्या हातून काय निसटले असेल ह्याची कल्पना ह्यावरून येते. आपल्या राज्यात ठाणे जिल्ह्यातील खडवली येथील वृद्धाश्रमात नोव्हेंबर २०२१ मध्ये ६० हून अधिक व्यक्ती एकाच वेळी कोविडबाधित निघाल्या होत्या. एका छपराखाली, एका पंगतीत जेवणाऱ्या माणसांत संसर्ग किती वेगाने फिरतो हे त्या घटनेने दाखवून दिले. अशा घरात एक आजी अचानक बरळू लागल्या तर शेजारच्या पलंगांकडेही पाहावे लागते.

आता ओळख कशी पटवावी हे पाहू. स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो; हा भ्रम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती साधारणतः जागी आणि सावध असते, फक्त विसरते. भ्रम झालेल्या व्यक्तीचे लक्षच टिकत नाही, बोलता बोलता धागा सुटतो. शिवाय भ्रम दिवसभरात कमीजास्त होतो, रात्री वाढतो. नेमकी हीच गोष्ट दगा देते. सकाळी डॉक्टर येतात तेव्हा आजोबा बरे बोलतात, आणि रात्रभर जागलेल्या मावशींचे सांगणे अतिशयोक्ती ठरते.

भ्रमाचे रूप नेहमी आरडाओरड्याचेच असते असेही नाही. दुसरे रूप शांत असते. माणूस झोपाळू होतो, हाक मारली तर डोळे उघडून मिटतो, घास तोंडात धरून बसतो, कुणाकडे काही मागत नाही. कुणालाही त्रास न देणारा हा रोगी सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. वृद्धांमध्ये हेच रूप पुष्कळदा आढळते आणि त्याचा शेवटही बहुधा अधिक वाईट होतो. ‘आज आजोबा किती शहाण्यासारखे पडून आहेत’, असे कुणी म्हटले तर ते वाक्य कानांआड करू नये.

जगभर वापरली जाणारी एक छोटी चाचणी आहे, तिचे नाव ४एटी. तिच्यात माणूस कितपत जागा आहे हे पाहतात, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात, महिन्यांची नावे उलट्या क्रमाने म्हणायला सांगतात, आणि हा बदल अचानक झाला काय हे जाणून घेतात. आमच्या खेड्यापाड्यांतील आजींना जन्मतारीख तरुणपणीही ठाऊक नसते, त्यामुळे हे प्रश्न जसेच्या तसे लावून त्यांना नापास करण्यात अर्थ नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर वार उलटे म्हणायला सांगावे: रविवार, शनिवार, शुक्रवार. ज्या आजी गेल्या आठवड्यापर्यंत वार घडाघडा सांगत होत्या, त्या आज शुक्रवारवरून भलतीकडे गेल्या, तर तो बदल महत्त्वाचा. कोणत्याही कागदी चाचणीपेक्षा ‘ह्या आज नेहमीसारख्या नाहीत’ हे रोजच्या माणसाचे वाक्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते, आणि डॉक्टरांनी त्याला पुराव्याचा मान द्यावा अशी आमची विनंती आहे.

ह्यापुढील मुद्दा थोडा नाजूक आहे. वृद्ध गोंधळला की ‘लघवीत इन्फेक्शन असेल’ असे आता आपल्याकडेही सर्रास म्हटले जाते. लघवी तपासली जाते, जंतू सापडतात, प्रतिजैविके सुरू होतात आणि शोध तेथेच थांबतो. परंतु अशा निवासांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत, कोणताही आजार नसताना, जंतू सापडतात. पुरुषांतही हे प्रमाण बरेच असते. दीर्घकाळ नळी घातलेल्या रुग्णांत तर ते जवळजवळ नेहमीचेच. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असे सुचवले, की लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, ताप किंवा रक्तदाब घसरणे असे काही नसेल, तर केवळ भ्रम आणि लघवीतील जंतू एवढ्यावर प्रतिजैविके देऊ नयेत. भ्रमाची इतर कारणे शोधावीत आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवावे. विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकांनी जुलाब होतात, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि काही प्रतिजैविके तर स्वतःच वृद्धाच्या डोक्यात गोंधळ माजवतात. खरे कारण तिसरेच असू शकते: चार दिवसांचा बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, साखर उतरणे, रात्री पडून डोक्याला लागलेला मार, किंवा नुकतीच सुरू झालेली एखादी गोळी.

गोळ्यांबद्दल थोडे अधिक. सर्दीवर दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असते. तरुणाला तिने थोडी झोप येते, वृद्धाला भ्रम होऊ शकतो. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचेही तेच. आजी रात्री आरडाओरडा करतात म्हणून त्यांना झोपेची गोळी द्यायची, आणि तिने भ्रम वाढला म्हणून आणखी एक, हे चक्र आम्ही वारंवार ऐकले आहे. मात्र जी झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे. तो निर्णय डॉक्टरांचा.

तेव्हा अचानक भ्रम दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. श्वास जलद असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस जागाच होत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरोबर जाणाऱ्याने आश्रमाची वही, चालू औषधांच्या पट्ट्या, आणि बदल कोणत्या दिवशी कोणत्या वेळी प्रथम दिसला ह्याची एक चिठ्ठी न्यावी. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात शासकीय रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळी रांग आणि शक्यतोवर खाटेची सोय असावी अशी तरतूद आहे. ती नम्रपणे पण ठामपणे मागावी. १४५६७ ह्या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

हातपाय बांधून ठेवू नयेत. बांधलेला माणूस अधिक घाबरतो, अधिक झटापट करतो, आणि पडून राहिल्याने फुप्फुसात कफ साचतो. त्यापेक्षा ओळखीचे एक माणूस उशाशी बसवावे, मंद दिवा ठेवावा. ‘तुमचे यजमान केव्हाच वारले’ असे वाद घालून पटवण्याने दुःखच होते. ‘आजी, मी आहे इथे, तुम्ही आपल्या खोलीत आहात’, एवढे पुरे. कुणी ह्याला बाहेरची बाधा म्हणून उतारा करायला निघतात, तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मृत आईवडील दिसू लागले म्हणजे अंतकाळ जवळ आला असे समजून धर्मगुरूंना बोलावणे धाडले जाते. धर्मगुरूंनी यावे, आजाऱ्याला अभ्यंग द्यावे. तो संस्कार मरणाऱ्यांपुरताच नाही, आजाऱ्यांसाठी आहे. पण त्याच वेळी डॉक्टरांनाही निरोप जावा. पुष्कळ वेळा तो अंतकाळ नसतो, उपचाराने बरा होणारा न्युमोनिया असतो.

हा भ्रम टाळता येतो काय? काही प्रमाणात निश्चित येतो. अमेरिकेत डॉ. शेरॉन इनूये ह्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ८५२ वृद्धांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला वेळोवेळी दिवस-ठिकाण सांगणे, चालवणे, पुरेसे पाणी पाजणे, रात्री शांतता राखणे, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, एवढेच जास्तीचे केले. त्या गटात ९.९ टक्के रुग्णांना भ्रम झाला, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात १५ टक्क्यांना. औषध एकही नव्हते. ह्यांतील कोणती गोष्ट कुपवाडच्या आश्रमात करता येणार नाही? दिनदर्शिका आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ भिंतीवर लागायला काय वेळ लागतो?

संसर्ग टाळण्याचे उपायही असेच साधे आहेत. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत काही वृद्धांचे दात, हिरड्या आणि कवळ्या रोज नेमाने स्वच्छ केल्या, इतरांचे नेहमीप्रमाणे ठेवले. दोन वर्षांत पहिल्या गटातील ११ टक्क्यांना न्युमोनिया झाला, दुसऱ्यातील १९ टक्क्यांना. तोंडातले जंतू झोपेत फुप्फुसात उतरतात, हे त्याचे कारण. फ्लूची आणि न्युमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. लघवीची नळी निकड संपताच काढावी. आणि उन्हाळ्यात पाणी! एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वृद्ध पाणी मागत नाहीत, कारण तहान कमी लागते आणि रात्री उठावे लागेल ही भीती असते. पेल्याने विचारत बसण्यापेक्षा ठरल्या वेळी ताक, पेज, सरबत हातात द्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांचे प्रमाण अर्थातच वेगळे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा कितीतरी वृद्ध एका रात्रीत निवारा केंद्रांत आले. चष्मा घरी राहिला, गोळ्या वाहून गेल्या, भोवती परके चेहरे आणि अपुरी झोप. भ्रम होण्यास लागणारे सारे काही तेथे एकत्र येते, आणि वर दूषित पाण्यातून येणारा संसर्ग. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वृद्धाची औषधे, चष्म्याची जादा जोडी आणि आजारांची नोंद असलेला कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची सवय नदीकाठच्या घरांनी लावून घ्यावी.

योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्ग काही दिवसांत आटोक्यात येतो. भ्रम मात्र लगेच जात नाही. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने, आणि काहींची स्मरणशक्ती पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही. ह्यासाठीच दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. आजार चालू असताना केलेल्या तपासणीवरून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. बरे झालेल्या कित्येकांना त्या दिवसांतील भीतिदायक दृश्ये आठवत राहतात. पलंगाखालचा माणूस, कडी काढणारा आपलाच हात. लाजेने ते कुणाजवळ बोलत नाहीत. आजी परत जेवायला पंगतीत बसू लागल्या की एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसावे आणि सांगावे: ‘तुमच्या छातीत जंतू झाले होते, त्याने तसे दिसत होते, तुमचे डोके फिरले नव्हते.’